एकादशीचं निरांजन आणि तू पाठवलेली चरबी

तीर्थस्वरूप धुळादादास,

कोरेगावाहून धाकटी बहीण माया हिचा वाकून नमस्कार. इकडं सगळी खुशाल हायत (सासूबाई सोडून, त्याचं कारण पुढं येतंयच). तुझा गुडघा कसा हाय? वहिनीची पाठ? जतला टँकर वेळेवर येतोय का? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पर मी अवघड विषय काढला की तुझी रेंज जाती, म्हणून कागदावर लिहितेय.

तुला ठाऊकच हाय, मी बेचाळिसाव्या वर्षी बाहेरून बारावीला बसलेय. फॉर्म भरला तवा तू हसलास, या वयात कसली डॉक्टर व्हणार म्हणालास. डॉक्टर न्हाई व्हायचं, दादा, पास व्हायचंय. चोवीस वर्षांमागं जीवशास्त्राचा पेपर बुडाला (का बुडाला ते तुला माहीत हाय, आत्ता उकरत न्हाई), तवापासनं ते चपलेतल्या खड्यागत टोचतंय. बाकीचं निघंल, पर मी अडले मेदाम्लांपाशी. संपृक्त कुठलं आणि असंपृक्त कुठलं, रोज पाठ करायची आणि भाकरी थापेपर्यंत डोक्यात उलटं व्हायचं. आमची सोनिया कॉलेजात जाती, सध्या तीच माझी मास्तरीण. (पोटच्या पोरीकडनं बोलणी खायला लय मोठं काळीज लागतं.) शेवटी तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, आई, पाठ करू नको, बघ.

तिनं चित्र काढलं. कार्बनची लांब माळ, दर कार्बनला चार हात. दोन हातांनी मागच्या-पुढच्याला धरायचं, उरलेल्या दोन्हीत एकेक हायड्रोजन. सगळे हात असे भरले की ते संपृक्त. ती माळ सरळ, म्हणून माळेला माळ खेटून बसती आणि गारव्याला घट्ट गोठती. असंपृक्तात दोन शेजारी एकमेकांना दोन-दोन हातांनी धरत्यात, त्याला दुहेरी बंध म्हणायचं. मग त्या दोघांच्या हातनं एकेक हायड्रोजन सुटतो आणि माळ तिथं वाकती. वाकड्या माळा दाटीनं बसत न्हाईत, म्हणून करडईचं तेल थंडीतबी पातळ. मला तर आपली मेंढरं कोंडायची वाघर दिसाय लागली. जाळीच्या आत मेंढरं अंगाला अंग लावून बसत्यात, बोट जात न्हाई मधनं, पर एखादं आडवं बसलं की सगळी ओळ बिघडती. लग्न होईस्तोवर मेंढरांमागं हिंडले, आणि पुस्तकात हेच लिहिलंय हे मला कुणी सांगितलं न्हाई.

आता डोळ्यानं बघायचं म्हणून तर तुझ्याकडनं मेंढीची चरबी मागवली. फ्रिजमधी चार सारख्या वाट्या ठेवल्या: तूप, खोबरेल, करडईचं तेल आणि तुझी चरबी. झाडाचं तेल गोठायचं न्हाई असं मी छातीठोक सांगितलेलं. खोबरेल दगड झालं. (झाडाचं असलं तरी जास्त करून संपृक्तच, सोनियानं मला हे तीनदा लिहायला लावलं.) वाट्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्या ओल धरून गळून पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी एकादशी होती.

सासूबाई माळकरी. पहाटे उठल्या, तूप समजून पांढऱ्या गोळ्याची वाटी काढली, शेगडीजवळ पातळ केली आणि निरांजन लावलं. मी आंघोळीला. बाहेर येतेय तर घरभर जत्रेतल्या रश्श्याचा वास, आणि सासूबाई डोळे मिटून देवाला सांगतायत की शेजाऱ्यांना आजच्या दिवशी तरी सुबुद्धी दे. तेवढ्यात शेजारचे जोतीराम भावजी दारात. वहिनी, वाटीभर आमच्याकडंबी धाडा म्हणाले. सासूबाईंनी डोळे उघडले, निरांजनाकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या तोंडातनं गेलं, दादानं जतहून तूप धाडलंय, खराब निघालं वाटतं. तवापासनं देव तीनदा धुऊन झाले आणि सासूबाई तुझं नाव निघालं की पदर तोंडाला लावत्यात. पर एक बघ, साठ वर्षं चुलीपुढं काढलेल्या बाईला गोठलेलं तूप आणि गोठलेली चरबी नुसत्या नजरंनं वेगळी करता आली न्हाई. दोन्ही सरळ माळांची. हा प्रश्न मला आता झोपेत विचारला तरी चुकायचा न्हाई.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
माया

ता. क. सासूबाईंचा फोन आला तर तूपच होतं, जरा जुनं होतं, असं कबूल कर. आवाज पडका ठेव.

ता. क. २. खरं पत्र इथनं सुरू होतंय. तुझ्या पोराची, आपल्या विश्वजितची, हळद तुम्ही धरली त्याच दिवशी सकाळी अकराला माझा जीवशास्त्राचा पेपर हाय. चोवीस वर्षांमागं त्याच पेपरादिवशी तुझी हळद होती. करवलीशिवाय हळद कशी, म्हणून मला घरी ठेवलं. मी रडत होते, आणि तू सगळ्यांना सांगत होतास की बघा, बहिणीला किती आनंद झालाय. तवा मी काही बोलले न्हाई. आता बोलतेय. हळद संध्याकाळी लावा, न्हाईतर आत्याशिवाय लावा. मी पेपर देणार.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी सासूबाईंनी पत्र वाचलं. म्हणाल्या, माळ घालायच्या आधी जन्मभर मटण शिजवलंय मी, दुसऱ्या दिवशी जतहून आलेला डबा हुंगला तवाच कळलं की ही चरबी, पर परीक्षेपर्यंत तुला बोलायचं न्हाई असं ठरवलं होतं. सकाळच्या हळदीला तुझ्या जागी मी जाते, तू पेपरला जा, असंबी म्हणाल्या. येताना खास तुझ्यासाठी डबाभर तूप आणतायत. दादा, वास घेतल्याबिगर तोंडात घालू नको.