प्रस्थान रंगरावांच्या ओसरीवर

अमडापूर,
सोमवार

तीर्थरूप कडूबामामांस,

गोपालचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता बरा असेल आणि तुमच्या तुरीवरची अळी गेली असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (आई म्हणते, स्वतःला 'इकडे' धरू नको, तू 'निघालेला' आहेस. ते पुढे येईलच.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता आणि निम्मं सुलतानपूर हुंकार देतं. तुमच्या गावचे अर्जुनराव आज इथे बाजाराला आलेत, त्यांच्याच हाती पाठवतो.

जर्मनीतल्या कंपनीने मला वेल्डर म्हणून घेतलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. व्हिसा येणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. रोज सकाळी मोबाईलवर बघतो. 'अर्ज प्रक्रियेत आहे' असं असतं. कालही होतं, आजही आहे, म्हणजे माणसं आपल्या शब्दाला पक्की आहेत. गडबड केली ती तुमच्या बहिणीने. तिने पंचांग बघून घेतलं, प्रवासाला चांगला दिवस एकच निघाला, आणि व्हिसा काही त्या दिवशी आला नाही. मग तिने प्रस्थान ठेवलं. म्हणजे मुहूर्तावर मला ओवाळलं, हातावर दही-साखर दिली आणि माझी भरलेली बॅग शेजारी रंगरावांच्या ओसरीवर नेऊन ठेवली. बॅग निघाली म्हणजे प्रवास सुरू झाला, आता माणूस सवडीने गेला तरी चालतो. मीही हसून मान हलवली, म्हटलं आठवड्याचा प्रश्न आहे. तेव्हा सोयाबीनची पेरणी चालली होती, आता मळणी उरकली. (प्रस्थानाला फार दिवस चालत नाही म्हणतात. आईने त्यालाही मुदतवाढ दिली आहे.)

खरी अडचण पुढेच आहे. "ठेवलेलं प्रस्थान घरात आणलं तं काम मोडते," असं आईने बजावलंय. आणि त्या बॅगेत माझे झाडून सगळे धड कपडे, दाढीचं सामान, सर्टिफिकेटं आणि कुरडया आहेत. त्यामुळे घरात मी बाबांच्या जुन्या लेंग्यात फिरतो आणि माणसांत जायचं असलं की रंगरावांकडे जाऊन तयार होतो. रंगराव भला माणूस आहे. (कुरडयांची पिशवी हलकी लागते, पण मी विषय काढत नाही.) त्यांची मुलगी निशिगंधा, जी गावच्या दवाखान्यात औषधं देते, ती मी न सांगताच शर्टांना इस्त्री करून ठेवते. "आज कोनता देऊ, निळा का जर्मनीचा?" असं विचारते. जर्मनीचा म्हणजे पांढरा, तो मी उतरल्यावर घालणार आहे. मी निळा घेतो. कधी कधी उगीच विचार केल्यासारखं करून मग निळा घेतो, कारण तेवढा वेळ ती समोर उभी असते.

मागच्या आठवड्यात मेल आला की सर्टिफिकेटचा फोटो नीट दिसत नाही, त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत दुसरा पाठवा, नाहीतर अर्ज परत. बॅग रंगरावांनी शेळ्यांच्या भीतीने आतल्या खोलीत हलवलेली, त्यांच्या घराला कुलूप, घरचे रोहिणखेडला लग्नाला. मी शिडी लावली आणि मागच्या खिडकीतून शिरलो. निम्मा शिरलो. लेंगा कडीत अडकला आणि मी ना इकडचा ना तिकडचा. (आता विचार करता, माझी एकूण परिस्थितीच तशी आहे.) तेवढ्यात समोरच्या सुभद्राबाईंनी चोर-चोर करून गल्ली गोळा केली. मग जवळ येऊन लेंगा ओळखला. "काऊन बे गोपाल, तू तं जर्मनीले गेलता ना?" मी आतूनच ओरडलो, "हाव, जाऊनच राह्यलो!"

आरडाओरडा ऐकून दवाखान्यातून निशिगंधा धावत आली. ती लग्नाला गेलीच नव्हती आणि किल्ली तिच्याच कमरेला होती. "मले किल्ली मांगाले लाज वाटली का तुले?" असं सगळ्यांदेखत विचारून तिने कुलूप काढलं आणि मला आतून ओढून घेतलं. सर्टिफिकेट ओसरीवर उन्हात धरून फोटोही तिनेच काढला. फोटो छान आला. ती जवळ उभी होती, त्यामुळे तो पाठवायचा आहे हे मला जरा उशिराच आठवलं. पण वेळेत गेला. तेव्हा काळजी नसावी, जर्मनी आता हातचीच समजा.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
गोपाल

ता. क. – सवड झाली की एकदा येऊन जा. रंगरावांशी बोलायचं आहे. मी बोललो असतो, पण मला पाहिलं की ते बॅगेचाच विषय काढतात आणि हा विषय बॅगेचा नाही. आईला मी सांगितलेलं नाही, ती लगेच पंचांग उघडेल.

आणखी एक – पत्र घडी घालतानाच मोबाईल वाजला. व्हिसा मंजूर! आई पेढे आणायला गेली आहे. एवढे महिने वाट पाहिली आणि आता वाटतंय, त्यांनी इतकी घाई करायला नको होती. मामा, सवड-बिवड राहू द्या, संध्याकाळच्याच गाडीने या. निशिगंधेला बातमी सांगायला गेलो, तर ती बॅगेवर बसली आणि म्हणाली, "आता उचलून दाखव." अजून तिथेच बसलेली आहे.