उरलेली अर्धी उष्णता

१२ जानेवारी

चि. भाऊजींस अ. आ.

आज वर्कशॉपची जळालेली भिंत पाडली. गवंडी दुपारी गेले. मग एकटीच गणित करत बसले.

ह्यांना पोचवून तुम्ही तसेच निघून गेलात. सासूबाई रोज विचारतात, धाकटा रागावलाय का. तुम्ही मनात धरून बसलात की तुम्ही दुसरी बॅटरी जोडली म्हणून तार तापली, आग लागली आणि हे गेले.

म्हणून सुपरपोझिशनने, एकेका बॅटरीचा परिणाम वेगळा काढून पाहिलं. तुमची बॅटरी शून्य धरली, तिच्या जागी नुसती तार. ह्यांच्या बॅटरीचा प्रवाह वीस अँपिअर आला. मग ह्यांची शून्य धरली, तुमच्या बॅटरीचाही वीसच. दोन्ही मिळून चाळीस. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे एकूण उष्णतेत तुमचा वाटा फक्त पाव. तेवढ्याने तार नुसती कोमट होते. उगाच मनाला लावून घेऊ नका. घरी या.

वाट पाहणारी,
वहिनी

२० जानेवारी

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. माझी पाव, दादाची पाव, झाली अर्धी. उरलेली अर्धी कुणाची, वहिनी? प्रवाहांची बेरीज होते, उष्णतेची होत नाही. हीच चूक केली म्हणून तुम्ही मला शिकवणीत भोपळा दिला होता आणि दादा आठवडाभर मला ‘पावशेर’ म्हणत होता. तुमच्या हातून ती चुकून होणार नाही. माझ्यासाठी तुम्ही गणित खोटं केलंत.

मोटर दम धरत नव्हती. दादा म्हणाला जोड, मी जोडली. तार बारीक आहे हे मी बघायला हवं होतं. आईसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू?

तुमचा लोभ आहेच. तो झेपत नाही, एवढंच.

आपला,
धाकटा

२७ जानेवारी

चि. भाऊजींस अ. आ.

पकडलंत. उरलेली अर्धी ना तुमची, ना ह्यांची. दोघांचे प्रवाह एका तारेत आले म्हणून ती झाली. तिची वाटणी करायची रीत मला येत नाही, कुणालाच येत नसावी. ह्यांनी जोड म्हटलं, तुम्ही जोडली. तुम्ही दोघं कायम असंच काम करायचात. तुमची काही चूक नव्हती, असं आता म्हणत नाही.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, थोरला येऊ शकत नाही, हे मला कळतं. धाकटा येऊ शकतो आणि येत नाही, त्याचं मी काय करू.

यापुढे आग्रह करणार नाही. लोभ ठेवा, झेपेल तेवढाच.

तुमच्या खोलीतल्या चादरी धुतल्या आहेत. ऊन आहे तोवर वाळत घालते.

वहिनी