साहेब झोपलेत

बुध. ४ फेब्रु.
दुपारी पुस्तक उघडलं की बेल. आज पाण्याच्या मशीनवाले दोघं.
"साहेब आहेत का?"
"झोपलेत."
हे एस.टी.त ड्रायव्हर होते. रात्रपाळी, दिवसा झोप. सगळा संसार दारात हेच सांगण्यात गेला, तेव्हा खरं होतं. आता हे नाहीत, तरी जीभ तेच म्हणते. विद्याचंही बजावणं, आई, एकटी आहेस हे परक्याला कळू द्यायचं नाही.
"कधी उठतील?"
"काही सांगता येत नाही."
दोघं चवड्यांवर गेले. फाटकसुद्धा हळू लावलं. दार लावून मी पोटभर हसले. ड्रायव्हरला साहेब म्हणतात, हे आमच्या ह्यांना कळायला हवं होतं.

सोम. ९
चूर्णवाला पुन्हा. "मावशी, मागच्या खेपेलाही झोपलेलेच! एवढी झोप बरी नाही. हे कोमट पाण्यातून द्या, साहेब धावायला लागतील." पुडी फुकट ठेवून गेला.
शेजारच्या सुलोचनाअक्काला सांगितलं. म्हणाली, "खरंच धावत आले तर आपण दोघी आधी पळू गं!"

शुक्र. १३
फिनाईलवाली पोरगी. ऊन, खांद्याला जड पिशवी. झोपलेत म्हटलं, तर एकदम दबक्या आवाजात, आमच्या अहिराणीत: "ऱ्हाऊ द्या, नानाले उठाडू नका. घोटभर पानी दे व माय." नाना म्हणजे हे.
दोंडाईच्याकडची निघाली. माझं माहेर तिकडचंच. ओट्यावर बसवली. पाणी पिता पिता विचारते, "नाना कोठे कामले शेतस?" कुठे कामाला आहेत, असं.
तोंडातून निघून गेलं, "नाना गयात." नाना गेले.
मराठीत इतके दिवस न अडखळता खोटं बोलले. अहिराणीत जमलंच नाही. आईशी बोलायची भाषा ती.
पोरीने पेला खाली ठेवला. वाकून पाया पडली नि गेली. बाटली विकायची राहिली तिची.
संध्याकाळी रडले. मग खिचडी टाकली.

रवि. १५
फोनवर विद्याला सांगून बसले. भडकली. "परकीला सांगितलंस? उद्या ती चौघांना सांगेल! बास. शनिवारी येते, तुला चाळीसगावला आणते. घराला कुलूप."
काळजीनेच बोलते. पण कुलूप...
फाटकाची कडी दोनदा पाहून आले. आधी कधी पाहत नव्हते.

बुध. १८
फिनाईलवाली परत. सोबत टाय लावलेला तिचा वरचा माणूस. मी खिडकीच्या पडद्यामागे.
"इथे कोण राहतं?" तो.
"सर, इथले साहेब झोपलेले असतात. उठवलं की लई चिडतात. पुढे चला."
खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही पोरीने.

शुक्र. २०
विद्या उद्या सकाळी. "बॅग भरून ठेव."
पोरीचं सांगेन. पटेल की आणखी भडकेल, कोण जाणे. वांगी आणलीत, भरीत करते. तिखट खाल्लं की विद्या जरा ऐकून घेते.
बॅग माळ्यावर आहे. काढायची तर स्टूल धरायला कुणीतरी हवं. तीच येऊन धरेल. मग बघू.