खालच्या मजल्यावरचं स्थळ

धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझा खोकला आणि तुझी सून, तिघंही आता बरी वागत असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे सुखरूप आहोत. (सुखरूप हा शब्द लिहिणाऱ्या बाईंनी घातला. मी म्हटलं होतं, जिवंत आहोत.) अक्षर बघून तू बुचकळ्यात पडशील, कारण आजवर माझी पत्रं लेक लिहायची आणि माझं निम्मं बोलणं गाळायची. हे अक्षर आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचं. त्या घरी बसून कवळ्या बनवतात. मी सांगते, त्या लिहितात, आणि एखादी गोष्ट पटली नाही की पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत बसतात. हे पत्र लेकीच्या नकळत चाललं आहे, तेव्हा उत्तरात त्याचा ब्र काढू नकोस.

तू विचारलं होतंस, चांगलं भरलं गाव सोडून ही पोर एकटी लेकराला घेऊन परक्या शहरात कशाला गेली. अगं, पाणी तपासायच्या खात्यात तिला वरची जागा मिळाली, ती इथे. दिवसभर नळाच्या पाण्यात जंतू शोधते आणि संध्याकाळी तेच पाणी मला उकळून पाजते. पण खरं कारण वेगळं आहे. नवरा वेगळा झाल्यापासून तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर कोणीतरी मान वाकडी करून 'आता कसं गं तुझं' म्हणून विचारायचं. इथे कोणी काही विचारत नाही, हेच तिला आवडलं. मला नेमकं तेच आवडलं नाही. मी आले होते आठवडाभरासाठी, घर लावून द्यायला. घर कधीच लागलं, मी अजून इथेच आहे.

सामान चढवायच्या दिवशीच मला अंदाज आला होता. जिन्यात दोन भले लोक म्हणाले, हात लावू का. लेक म्हणाली, नको, जमेल. मग कपाट जिन्याच्या वळणावर असं अडकलं की वर मी, खाली ती आणि मध्ये कपाट. नात कुठे दिसेना म्हणून हाका मारल्या, तर ओ कपाटातून आली. (तिला आम्ही ठिणगी म्हणतो ते तुला माहीतच आहे. सात वर्षांची झाली, पण गुण तेच.) शेवटी वरच्या लोकांना कामावर जायचं होतं, म्हणून त्यांनीच न विचारता ते ओढून काढलं. लेक घाम पुसत म्हणाली, बघ, जमलं की नाही. आपला बाप असाच होता. विहिरीत पडला असता तरी वर म्हणाला असता, दोर नको, मी पाणी बघायला उतरलोय.

अशात शाळेने अडवलं. त्यांचा नियम असा की आईला कामावरून यायला उशीर झाला तर मुलीला न्यायला दुसरं एक माणूस हवं, आणि ते याच शहरात राहणारं हवं. मी चालत नाही, मी पाहुणी. लेक म्हणाली, बघू. तिचं 'बघू' मी जन्मापासून ओळखते. त्याचा अर्थ, मरेन पण कोणाच्या दारात जाणार नाही. म्हणून म्हटलं, आपणच बाहेर पडावं. आता अनोळखी माणसाची पारख कशी करायची, याची मला एकच रीत येते, तुलाही तीच येते. चार भाच्यांची लग्नं आपण दोघींनी जुळवली ती काय उगाच. तेव्हा मी दारोदार गेले आणि रीतसर चौकशी केली. घरी किती वाजता येता, व्यसन काय, राग आला की काय करता, मुलांची आवड आहे का.

पहिल्या मजल्यावर एक घड्याळजी राहतात. बायको जाऊन काही वर्षं झाली, माणूस सज्जन, उत्तरं चोख. मी म्हटलं, रविवारी या, माझ्या लेकीला भेटा, ती एकटीच आहे. आता यात माझं काय चुकलं ते तूच सांग. रविवारी गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून, भिंतीवरचं एक घड्याळ कागदात गुंडाळून दारात उभे. लेकीला वाटलं, कोणी वीजमीटर बघायला आलंय. तिने त्यांना सरळ मीटरपाशी नेलं. बिचाऱ्यांनी मीटरही बघितला. मग म्हणाले, मला तुमच्या मुलीसकट सगळं मान्य आहे. पुढचे दोन दिवस लेक माझ्याशी ठिणगीमार्फत बोलत होती. आजीला सांग, जेवायला वाढलंय. मी म्हणायचे, आईला सांग, भाजीत मीठ नाही. ठिणगीने मधल्या मध्ये दोन्हीकडे बरंच पदरचं घातलं.

आता या बाईंची गोष्ट. आम्ही आलो त्या दिवसापासून ठिणगीने उडी मारली की खालून छताला झाडूचा दांडा ठोकला जायचा. लेक पोरीला चवड्यांवर चालायला लावायची, पण खाली जाऊन दोन शब्द बोलायची नाही. मीही मनात म्हणायचे, असली कजाग शेजारीण वैऱ्यालाही मिळू नये. (हे लिहायला बाईंची हरकत नाही. त्या म्हणतात, खरं आहे.) तर एकदा मी गॅलरीतून वाकून ठिणगीला हाक मारत होते, हाक जरा जोरात गेली आणि तिच्यामागून कवळीही गेली. पडली ती थेट खालच्या गॅलरीत. साऱ्या शहरात कवळी पडायला याहून बरी जागा नाही, पण मी जिना उतरले ती तोंडावर हात धरून. दार उघडलं तेव्हा कवळी बाईंच्या हातात होती आणि त्या विचारत होत्या, ही कुठल्या गाढवाने बनवली. (लिहिणारी: मी 'गाढव' म्हटलं नव्हतं. 'घाईत बनवलेली दिसते' असं म्हटलं होतं.)

आत गेले तर टेबलावर निम्म्या शहराचे दात. त्या एकेक दात मेणात रोवतात, केसाएवढाही हलून चालत नाही. वर एक उडी पडली की खाली कोणाचा तरी सुळा तिरका होतो आणि तो माणूस आयुष्यभर वाकडं हसतो. दांडा त्यासाठी होता. पण मला थक्क केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. लेक कोणत्या दिवशी उशिरा आली, पोर कधी रडली, कधी नुसतीच रुसून जमिनीवर टाचा आपटत बसली, सगळं त्यांना छतावरून ठाऊक. मी तिथल्या तिथे विचारलं, मुलांची आवड आहे का. म्हणाल्या, मुळीच नाही. मी म्हटलं, हे स्थळ पक्कं. ज्यांना फार आवड असते ते गोळ्या देतात आणि बाजारात पोर हरवून बसतात. तेव्हापासून ठिणगी माझ्याबरोबर खाली येते, रंगाप्रमाणे दाढा निवडते, आणि उडी मारायची झाली तर आधी विचारते.

सगळं जमलं, पण नवरीच तयार नाही. लेकीला म्हटलं, बाईंचं नाव शाळेत सांग. तर म्हणते, एवढ्यात काय घाई आहे, तू आहेस ना आई. हे 'तू आहेस ना' ऐकायला गोड वाटतं, पण धाकटे, मी किती दिवस असणार. भिंत पडू नये म्हणून टेकू लावावा आणि भिंतीने त्यालाच टेकून झोपावं, तशी गत झाली आहे. बाकी सर्व ठीक. सुनेला आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुझी थोरली

ता. क. एक सांगायचं राहिलं. (राहिलं कसलं, त्यासाठीच तर पत्र लिहायला घेतलं.) थोडे दिवस जाऊ देऊन लेकीच्या नावाने एक पत्र टाक. त्यात लिही की तुझी कंबर धरली आहे, उठवत-बसवत नाही, आईला पाठवून दे. मी आपणहून निघते म्हटलं तर ती विचारेल, माझं काही चुकलं का, आणि मग दोघीही रडत बसू. तुझ्या कंबरेवर मात्र कोणाला रुसता येत नाही. मी गेले की तिला एक जिना उतरावाच लागेल. पत्र ती मला वाचून दाखवेल, तेव्हा मी अगंबाई म्हणेन.

आणखी एक. 'ताबडतोब' असं लिहू नकोस. 'जमेल तशी ये' असं लिही. म्हणजे तिला दोनदा राहा म्हणायला जागा राहील आणि मला दोनदा नाही म्हणायला. एवढं तरी माणसाला मिळायला हवं.

लिहिणारीचं स्वतःचं: आजींना पत्र वाचून दाखवलं, त्यांनी मान हलवली. हे मी त्यानंतर, त्यांच्या नकळत लिहिते आहे. परवा सकाळी त्यांची मुलगी कामावर जाताना माझ्या दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, शाळेत तुमचं नाव सांगून आले आहे, खरं म्हणजे आधी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, मला मुलांची आवड नाही. ती म्हणाली, हो, आई सांगत होती. जाताना बजावून गेली, आईला कळू देऊ नका, कळलं की ती त्याच दिवशी पिशवी भरेल, आणि मला अजून थोडे दिवस ती हवी आहे. तेव्हा ताई, कंबर धरायचीच असेल तर कृपा करून या महिन्यात धरू नये.