चष्म्यातला दिवस

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नकोस. आमच्या शिवणकारखान्यात नवंच खूळ आलंय. मोठ्या ऑफिसातले साहेबलोक डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवणार आणि अर्धा तास कामावर जाणारी आई होणार! मान वळवली की माझंच मशीन, माझंच घर दिसतं म्हणे. त्यासाठी तीन दिवस माझ्या डोक्याला कॅमेरा बांधला होता. पाळणाघराच्या फोनची रिंग त्यात यावी म्हणून, एरवी फाटकावर जमा करावा लागणारा फोनही खिशात ठेवू दिला. छोटीला तापात झटके येतात आणि तिथल्या बाई मला विचारल्याशिवाय औषध देत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. ते तीन दिवस मी निर्धास्त शिवलं. फोन जवळ असणं किती गरजेचं आहे ते साहेबांना आता कळेल आणि तो कायमचा जवळ ठेवू देतील.

माया अशीच राहू दे.
तुझी ठकी

१४ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं शेवटी कुणाच्या तरी कामी आलं, असं म्हणून तुझे भावजी पोट धरून हसले. मला मात्र धास्ती वाटते. खिशातला फोन पाहून साहेबांना वाटेल, मशीनवरच्या बाईजवळ फोन असतोच. त्यांना तोंडाने सांग. आणि न विचारता औषध द्या, अशी चिठ्ठी पाळणाघरात आजच दे. भीड धरू नकोस.

छोटीला पापा.
तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी सांगितलं नाही. साहेब चष्मा काढून रडत होते, सगळ्यांसमोर माझं कौतुक करत होते. चिठ्ठी रविवारी लिहू म्हटलं.

गुरुवारी छोटीला झटका आला. बाईंनी सात वेळा फोन केला. मी जेवणाच्या सुट्टीत फाटकावर जमा केलेला फोन बघायला गेले तोवर पाऊण तास उलटला होता. जीव वाचला. पण हाक मारली तर वळून बघत नाही गं.

काल साहेब दवाखान्यात आले. फोन लगेच का उचलला नाहीस, असं त्यांनी अगदी मायेने विचारलं. मी फाटकावरचा नियम सांगितला. ते गोंधळून म्हणाले, चष्म्यात तर तसं नव्हतं, मी स्वतः उचललाय तो फोन.

ताई, मिळेल त्या गाडीने ये.
तुझी ठकी