डुप्लिकेट किल्ली

४ फेब्रुवारी

हात आला! उजव्या हाताची बोटं आज माझी होती. कानशीने किल्लीच्या खाचा घासल्या, एकही खाच चुकली नाही. गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, पूर्वीसारखं काम झालं. पूर्वीसारखं नाही — पूर्वीपेक्षा चांगलं.

डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळीवर मी सकाळी आणखी अर्धी घेतो, दुपारीही अर्धी. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. कंपवाताने हात नेमका कुठे अडतो हे त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं. हात माझा आहे.

७ फेब्रुवारी

ग्रंथालयातून मेंदूवरचं पुस्तक आणलंय. इंग्रजीतलं. शेजारी शब्दकोश घेऊन बसावं लागतं, पण मी सगळं असंच शिकलो, कुणी हाताला धरून शिकवलं नाही. चित्रं पाहून हसूच आलं. मेंदूत सगळा कुलुपांचा कारभार! पेशीवर कुलपं, रसायनं म्हणजे किल्ल्या. डोपामिनची वेगळी, सेरोटोनिनची वेगळी.

मागे मी गप्प बसायचो, चेहरा हलायचा नाही, तेव्हा आधीच्या डॉक्टरांना वाटलं मन खचलंय. त्यांनी सेरोटोनिन वाढवायची गोळी दिली. ती काही किल्ली नव्हे. पडलेल्या किल्ल्या उचलून नेणारा एक असतो, त्याला ती दारात अडवते — म्हणजे आहेत त्या किल्ल्या कुलपात जास्त वेळ फिरतात. युक्ती झकास, पण दार चुकलं. माझ्याकडे तुटवडा डोपामिनचा. आताची गोळी म्हणजे सरळ डुप्लिकेट! मूळ किल्ली नाही, पण खाचा तशाच. कुलूप फसतं आणि उघडतं.

बायकोला समजावून सांगितलं. म्हणाली, बरं झालं, निदान तुमच्या धंद्यातलंच दुखणं निघालं.

१२ फेब्रुवारी

दुकानातला जुन्या कुलपांचा डबा काढला. सगळी उघडली. कुलपांच्या आतल्या बारीक पिना लांबीप्रमाणे ताटलीत लावल्या, मग रंगाप्रमाणे. पितळेलासुद्धा किती रंग! आयुष्य यात गेलं आणि कधी नीट पाहिलंच नव्हतं. जेवायचं राहिलं. भूक आठवलीच नाही. अशी एकाग्रता तरुणपणीही नव्हती.

१३ फेब्रुवारी

पिना पुन्हा लावल्या. कालची रचना पटत नव्हती.

१९ फेब्रुवारी

मेहुणा आला होता, त्याच्या गोदामाचं कुलूप न्यायला. ते अजून ताटलीत आहे. घरी आला तर कपाटाचं कुलूप नाही, बाथरूमची कडी नाही, पुढच्या दाराला कुलपाच्या जागी भोक. म्हणाला, "दाजी, चोर आला तर बिचाऱ्याला चुकल्यासारखं होईल हो!"

बायको हसली नाही. ती आता कचेरीत जाताना पैशांचं पाकीट आणि आईच्या बांगड्या पिशवीत घालून नेते.

सगळं साफ करून बसवायचंच आहे. पण बसवायचं तर नीट. अर्धवट काम मी कुणाला दिलेलं नाही.

२६ फेब्रुवारी

आज उगाच बोभाटा झाला.

वरच्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहतात, एकट्या. सगळे त्यांना बाई म्हणतात. सकाळी त्यांच्या दाराचं कुलूप अडलं म्हणून मी काढून खाली दुकानात आणलं. तासाभरात देतो म्हणालो. बाईंना इस्पितळात जायचं होतं, बहिणीचं ऑपरेशन होतं, आत नेण्याआधी भेटायचं होतं. घर उघडं टाकून जाणार कशा? दारात खुर्ची टाकून बसून राहिल्या.

काम सोपं होतं. एक स्प्रिंग दबली होती. पण उघडल्यावर पाहिलं, पिनांची टोकं थोडी थोडी वेगळी झिजलेली. मग डब्यातल्या पिनांशी ताडून पाहिल्या. संध्याकाळी बायको कचेरीतून दुकानात आली तेव्हा मी तेच करत होतो. बाई दोनदा खाली येऊन गेल्या म्हणे. एकदा आल्या ते आठवतं, मी झालंच म्हणालो होतो. दुसऱ्यांदा आल्या ते मला आठवत नाही.

बायकोने समोरच्या दुकानातून नवं कुलूप आणून बाईंच्या दाराला लावून घेतलं. कुलूपवाल्याच्या बायकोने — विकत! तोवर बहिणीला आत नेलं होतं, भेटायची वेळही संपली होती.

२७ फेब्रुवारी

बहीण शुद्धीवर आली. धोका टळला. बाई मला काही बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या, मान हलवली आणि पुढे गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायको मात्र बोलली. भांडण नाही, आवाजही चढवला नाही. भांडी विसळता विसळता म्हणाली, "अहो, पूर्वी तुम्ही कुलूप उघडायचात ते पुन्हा लावण्यासाठी. हल्ली नुसतं उघडता."

मला राग आला. तुला काय कळतं म्हणालो. तडक दुकानात गेलो, तिला दाखवायला एखादं तयार कुलूप आणावं म्हणून.

एकही नव्हतं. माझ्या दुकानात एकही जोडलेलं कुलूप नव्हतं.

३ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो. बायको बरोबर होती. मी त्यांना कुलूप-किल्लीचं सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, दिवसभर काय करता? बायकोने सांगितलं. मग त्यांनी गोळ्या विचारल्या. खरं तेवढं मीच सांगितलं.

या गोळ्यांनी असं होतं म्हणाले. त्यांचा एक पेशंट रेडिओ खोलत बसायचा. एक बाई पर्स रिकामी करून पुन्हा भरायची, दिवसभर. ज्याचा ज्यात हात बसलेला, तेच तो करत राहतो. म्हणून घरच्यांना उशिरा कळतं. करणाऱ्याला तर वाटतं, काम किती छान चाललंय!

मी म्हटलं, हा माझा स्वभाव आहे, मी आधीपासून असाच काटेकोर आहे.

"डुप्लिकेट म्हणता ना?" ते म्हणाले. "मग ती एकच दार उघडते असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

आयुष्यभर हा धंदा केला आणि हे मला सुचलं नव्हतं.

एकदम बंद करायची नाही, हळूहळू खाली आणायची. हात परत थोडा अडेल म्हणाले. मी विचारलं, आणि स्वभाव? "कमी करून पाहू," म्हणाले, "काय उरतं ते."

१० मार्च

हात अडतो. एक किल्ली वाया गेली. गिऱ्हाईक थांबलं नाही.

१६ मार्च

रविवार. बाईंचं जुनं कुलूप जोडलं — मी नाही, बायकोने. मी शेजारी बसून सांगत होतो. स्प्रिंग आधी, मग पिन, चिमटा सैल धर, अगं सैल! ओरडू नका, मी काही फुकटची कारागीर नाही, म्हणाली. दोन पिना उडून कपाटाखाली गेल्या. चष्मा वर सरकवून जमिनीवर आडवी झाली आणि शोधून काढल्या. शेवटी किल्ली फिरली. तिला एवढा आनंद झाला की तिने ती चार-पाचदा फिरवली.

मी पाहत होतो. कुलूप बरोबर बसलं होतं. ते मला कळत होतं. त्याचं बरं वाटायची वाट पाहत बसलो.

२९ मार्च

बायकोने मघाशी विचारलं, पानंच्या पानं लिहीत होतात, हल्ली वही दिसत नाही? तेव्हा लक्षात आलं. ही वही मी गोळी वाढवली त्याच आठवड्यात विकत आणली. त्याआधी उभ्या आयुष्यात कधी रोजनिशी लिहिली नव्हती. एवढंही लिहिलं ते तिने विचारलं म्हणून.