गळती नेमकी कुठली

पाटोदा, १९ जानेवारी २०२५

चि. सौ. दीपमालास अण्णांचे मनापासून आशीर्वाद.

फोनवर मला 'हॅलो'च्या पुढं काही ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितो. परवा तुझे थोरले दीर बजरंगराव बाजारात भेटले. कानाशी तोंड आणून ओरडले, की व्हॅनचं इंजिन गेलं, पानी गळतंय, ऑइल बी गळतंय, धारूरचा मेकॅनिक इंजिन उतरवावं लागंल म्हनतो, आनि भंगारवाला ठरलाय. अख्ख्या बाजारानं ऐकलं.

बाई, वीस वर्षं ती गाडी मी चालवली, मग तुला दिली. जीव माझाबी तुटतो. पन जावई सुग्रीवराव कारखान्यावर ट्रॅक्टर चालवत्यात, घरात तू एकटी. दिराशी वाकडं कशापायी घ्यायचं? देऊन टाक. तुझी आई म्हनती, लोखंडासाठी रडू नये. असं म्हनून तीच रडली. हरभरा लई चांगला हाय.

माया हाय तशीच असू दे.
तुझे अण्णा

घाटाखालची वस्ती, २३ जानेवारी

तीर्थरूप अण्णांना दीपमालाचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून राग आला. चहा करून प्यायले, तरी गेला नाही. 'देऊन टाक' हे तुम्ही लिहावं?

अण्णा, वस्तीवरच्या सहा पोरींची बारावीची परीक्षा अकरा फेब्रुवारीपासून धारूरला आहे. आईबाप ऊसतोडीला गेलेत, पोरी आज्यांजवळ राहतात. पहिली एसटी घाट चढून पोचते तोवर पेपर सुरू झालेला असतो. थोरले भाऊजी हसत म्हणाले, की नापास झाल्या तर लग्नं लवकर उरकतील. मी हसले नाही. गाडी माझ्या नावावर आहे, सही माझी लागते आणि ती मी करणार नाही, असं तोंडावर सांगितलं. यांना फोन केला, तर हे म्हणाले, तुला पटेल ते कर, दादाचं मी आल्यावर बघतो.

मेकॅनिकनं वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. मी गाडीखाली पुठ्ठे अंथरले. सकाळी पुढच्या बाजूला हिरवं पाणी, मागं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली काळं ऑइल. तो म्हणतो इंजिनाचं मागचं ऑइल सील गेलं, म्हणून इंजिन उतरवायचं. पण ऑइल खाली दिसतंय म्हणजे खालूनच येतंय का? सांगायचं नसेल तर तसं लिहा, माझं मी बघीन.

रागावले तरी तुमचीच,
दीपमाला

पाटोदा, २७ जानेवारी

चि. दीपमालास उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. लाज वाटली. आता ऐक.

ऑइल वरून खाली येतं. जिथं थेंब दिसतो, त्याच्या वर बघ. पुढच्या दोन्ही सीटा उचल, खालचं इंजिन डिझेलनं पुसून कोरडं कर आनि सगळीकडं लेकरांची पावडर भुरभुर. दहा मिनिटं चालव, बंद कर, मग हातबॅटरी आनि आरसा घेऊन बघ. पावडर जिथं पयली भिजंल, तिथं चोर. पान्यासाठी प्रत्येक होज पाइप क्लिपपाशी दाबून बघ. रेडिएटरचं झाकन गरम असताना उघडशील तर माझ्याशी गाठ हाय.

बजरंगराव परत कानाशी आले तर मी बहिराच हाय.

जपून कर, आनि करच.
अण्णा

घाटाखालची वस्ती, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णांना व आईला दंडवत.

चोर सापडला. प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर इंजिनावर बसतो, त्याच्या बुडाशी पावडर भिजली. तिथली रबरी रिंग वाळून बांगडीसारखी कडक झालेली. तेल तिथून इंजिनाच्या मागून ओघळून थेट सांध्यावर. सील शाबूत! पाण्याच्या पाइपाला क्लिपखाली नखाएवढी चीर होती, इंजिन तापलं की उघडायची. रिंग आणि पाइप दोन्ही मीच बदलले.

आठ तारखेला भाऊजी भंगारवाल्याला टेम्पोसकट घेऊन आले. मी गाडी चालू केली. तो बिचारा ऐकत राहिला आणि म्हणाला, की चालत्या गाडीला हात लावणं त्याच्या धंद्यात बसत नाही. भाऊजी ओरडले, की बाई गाडीखाली झोपली, घराची अब्रू गेली. मी म्हटलं, घराची अब्रू एवढ्यानं जात असेल तर तीही कुठून गळते ते बघावं लागेल.

काल सकाळी सहाही पोरी बसल्या. तेवढ्यात भाऊजींची मुलगी स्वप्नाली आली, गणवेशात, हातात हॉलतिकीट. तीही बारावीलाच. पाहुणे बघायला येणार म्हणून तिला पेपरला पाठवायचं नाही, असं भाऊजींनी ठरवलं होतं. ते ओट्यावरून 'उतर' म्हणाले. ती दार लावून घेत म्हणाली, की पाहुण्यांना चहा पाजा, मी दुपारी येते. मी गिअर टाकला.

घाटात तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. सातही जणी पेपर सुरू व्हायच्या अर्धा तास आधी केंद्राच्या दारात होत्या. घरी अबोला आहे, तो राहू दे. पुढच्या पेपरलाही स्वप्नाली पुढच्याच सीटवर बसणार आहे.

आशीर्वाद असाच पाठीशी ठेवा.
तुमची दीपमाला